तुटेपर्यंत

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर बावन्न.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावरून ट्रेलर गेला
की आमच्या आकड्यांच्या अंगावर काटा येतो.
मी सगळ्यांना पुन्हा सांगते, हळू चाला,
कॅमेरा नवीन आहे.

तसा काही फार भारी नाही.
भारी होतं ते कोटेशन,
साडेअकरा लाख अधिक कर,
आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले मी.
मग त्याच्याच कोऱ्या पाठीवर
शाहीन मुकादमने हिशोब मांडला:
कॅमेरा, एक जुनं भिंग,
घणसोलीच्या गाडीसामानाच्या दुकानातला बारा व्होल्टचा दिवा.
ट्यूबलाइट नको म्हणाली,
ती सेकंदाला शंभरदा डोळे मिटते,
आपल्याला कळत नाही, याला कळतं.
आणि स्टँड?
स्टँडला काँक्रीटचे तीन क्यूब,
बिल्डरने बिल बुडवलं म्हणून न फोडता राहिलेले.
एकूण सदतीस हजार.

भोपीकाका काही बोलले नाहीत.
एकोणतीस वर्षं ते नमुन्याला चिमटा लावतायत.
मशीन ओढते, काटा चढतो,
आणि तुटायच्या जरासं आधी
काका चिमटा काढून घेतात.
नेमका कधी काढायचा, ते कुठल्याच कोडात लिहिलेलं नाही.
आवाज बदलतो, म्हणतात.
एकदाच चुकले, दोन हजार नऊला.
चिमट्याच्या पात्याचा तुकडा
अजून छताच्या पत्र्यात रुतलेला आहे.

म्हणजे आमच्या प्रत्येक रिपोर्टातला
शेवटचा तेवढासा प्रवास
कुणीच पाहिला नव्हता.
तुटलेले दोन तुकडे टेबलावर जुळवून
आम्ही लिहायचो, लांबी इतकी वाढली.
मेल्यावर माणसाची उंची घ्यावी
तसं.

कॅमेऱ्याला ठिपके लागतात.
पोलादाच्या पट्टीला आधी पांढरा रंग,
त्यावर काळे शिंतोडे.
शाहीनचे कधी ओघळायचे, कधी उमटायचेच नाहीत.
काकांनी जुना टूथब्रश मागून घेतला,
अंगठ्याने केस मागे ओढले, सोडले.
ना दाट, ना विरळ.
"देवी आल्यासारखी दिसतेय,"
म्हणाले, आणि वाकून बघू लागले
अगदी भिंगासमोर.

स्क्रीनवरची चौकट थरथरली,
पट्टी सोडून सरकली
आणि त्यांच्या गालावर जाऊन बसली.
चौथ्या वर्षी, गोठिवलीच्या घरात,
आईने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं तेव्हाचे व्रण.
एकेका खळग्यावर एकेक हिरवी फुली.
कुणी बोललं नाही.
शाहीनला माऊस सापडेना.

काकांनी मान वळवून पाहिलं,
मापात सापडलेला आपला चेहरा,
आणि हसले.
पाठ्यपुस्तकात स्ट्रेनला मराठीत विकृती म्हणतात.
विकृती: साडेसहा टक्के.
"एवढं ताणलं तरी तुटलं नाही,
लिही की रिपोर्टात."

पाचच्या सुमाराला पहिली पट्टी लावली.
मधोमध तिची कंबर बारीक होत गेली,
आवाज बदलला असणार,
कारण काकांचा हात उठला
आणि काढायला काहीच नव्हतं.
हात हवेतच राहिला, बोटं चिमट्याएवढी उघडी.
तिकडे पडद्यावर
त्यांचेच ठिपके एकमेकांपासून दूर दूर जाताना,
कुणाचाही हात न लागता.

हात उठल्यापासून ठाप्पकन तुटेपर्यंत
एक्केचाळीस चित्रं.
शाहीनने दोनदा मोजली.

साडेसहा वाजले. शटर अर्धं ओढलंय.
काका स्टुलावर बसून
एकेक चित्र पुढे सरकवतायत,
मधूनच एखादं मागे नेतात.
चहावर साय धरलीय.
सव्विसाव्यावर आहेत अजून.